मुक्या गाड्यांचा हुकूम

माझं नाव सुपडू. हे नाव कसं पडतं ते तुम्हाला ठाऊक असेल मास्तर, तरी सांगतो. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत त्या घरात नवं लेकरू सुपात घालून अंगणातून ओढतात, म्हणजे ते कुणाला हवंसं वाटत नाही आणि वाचतं. माझ्या मोठ्या भावाला उकिरड्यावर लोळवला म्हणून तो उखा, मला सुपात ओढला म्हणून मी सुपडू, मधली तीन गेली. असे आम्ही दोघं वाचलेले, त्यामुळं एकमेकांवर जीव फार. गाव आमचं एरंडोलकडचं, रान कोरडवाहू, बाप पहिल्या प्लेगात गेला, मग माय आम्हाला घेऊन या पेठेत आली, उखाभाऊ कापसाच्या गाडीवर लागला, पुढं त्यानं स्वतःची बैलजोडी घेतली, आणि मी नाक्यावर सिपाई लागलो. पेठेचं नाव कागदावर घालू नका, त्या घरांतली माणसं अजून आहेत.

आता तुम्ही अर्ज घेऊन आलात, की रात्री दहानंतर पेठेतून जाणाऱ्या लॉऱ्यांनी भोंगा वाजवू नये आणि वस्तीतून बैलाच्या चालीनं जावं, आणि खाली माझा अंगठा पाहिजे, कारण या कामातला मी जुना माणूस. खरं आहे. असाच हुकूम या पेठेत मागं एकदा झाला होता आणि तो पाळून घेणारा मीच होतो. अंगठ्याचं नंतर बघू, आधी ऐका. साहेबलोकांत राहून मी तुमच्यासारखं बोलायला शिकलो, पण आमच्या घरातली माणसं अहिराणीत बोलायची, ती तशीच बोलतील, ते मला बदलता येणार नाही.

तेव्हा लॉरी कुठली, बठ्ठा, म्हणजे सगळा, कापूस बैलगाडीवर. शिरपूरकडून गाड्या निघायच्या, वाटेत आणखी गाड्या मिळायच्या, आमच्या पेठेत येईतो तीस-तीस चाळीस-चाळीस गाड्यांची रांग, आणि सगळ्या रात्रीच्या, कारण पहाटे सरकी काढायच्या जिनच्या फाटकाशी जो आधी उभा राहील त्याचा कापूस आधी तोलला जायचा. काय सांगू तुम्हाला तो आवाज! बैलाच्या गळ्यात घुंगरमाळा, आख कोरडे पडून किरकिर करायचे, चाकाची लोखंडी धाव दगडावर खडखडायची, एक गाडी गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी, घरातली भांडी फळीवर हलायची. आणि गाडीवान? तो कापसावर घोंगडी घेऊन निजलेला. बैलांना रस्ता पाठ, पुढच्या गाडीमागं ते आपले चालतात, गाडीवानाची झोप तेवढीच, गाडीवर. आमच्याकडं रीतच होती, निजलेल्या गाडीवानाला कुणी उठवायचं नाही, बैलाच्या पाठीवर थाप द्यायची आणि जाऊ द्यायचं.

पेठेत एक वकीलसाहेब होते, म्युनिसिपालटीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांची सून बाळंत झाली आणि तिला जो ताप चढला तो उतरेना. रात्री जरा डोळा लागला की गाड्या यायच्या, बाई दचकून उठायची, लेकरू रडायचं, दूध आटलं. डॉक्टर म्हणाले, औषध राहू द्या, हिला आधी झोप द्या. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हता हो. सुनेसाठी तो माणूस रात्री रस्त्यावर उभा राहून गाडीवानांना हात जोडायचा, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी त्यांनी हुकूम काढवला. हुकमाचे भाग दोन. रात्री दहा ते पहाटे पाच पेठेत शिरणाऱ्या गाडीची घुंगरं नाक्यावर उतरवायची, आखाला वंगण घालायचं, पलीकडच्या नाक्यावर घुंगरं परत बांधायची, हा एक. आणि गाडीवानानं खाली उतरून हातात कंदील घेऊन बैलांच्या पुढं चालायचं, पेठ संपेपर्यंत, हा दुसरा. नीट ऐका मास्तर, हुकमात दोन्ही लिहिलं होतं. मला बोलावून म्हणाले, सुपडू, हे नीट पाळून घे, तुला कायम करतो. मी तेव्हा हंगामी होतो.

पहिल्या रात्री मी दोन्ही भाग पाळले. दुसऱ्या रात्रीही पाळले. तिसऱ्या रात्री एक म्हातारा गाडीवान मला म्हणाला, भाऊ, दोन रात झाल्यात, डोयाले डोया नही, खाले उतरनू तं आठेच पडसू. उतरलो तर इथंच पडेन, म्हणे. मला दया आली. खोटं कशाला बोलू, खरंच दया आली. म्हटलं निजा आबा, मी बघतो. घुंगरं मीच उतरवली, बांबूच्या नळ्यातलं एरंडेल मीच आखाला घातलं. मग दुसरा म्हणाला त्याला निजू दिलं तर मला का नाही, मग तिसरा, आणि आठ दिवसांत कुणीच खाली उतरेना. साहेबाला काही कळलं नाही. आवाज बंद झाला ते साहेबाला गादीवर पडूनही कळतं, पण गाडीपुढं माणूस चालतो की नाही ते बघायला रात्री बाहेर यावं लागतं. थंडीचे दिवस, सगळी पेठ दारं लावून आत. सून बरी झाली, लेकरू बाळसं धरू लागलं, वकीलसाहेबांनी मला धोतरजोडी दिली. आणि मी ती नेसून मिरवलो.

माझी माय तेवढी कुरकुरायची. म्हणायची, सुपडू, रस्ता मुका करू नको रे भाऊ, मुक्याना भरोसा नही. मी हसायचो. म्हटलं माय, वकिलापेक्षा तू शहाणी का? तिला बाहेर निजायची सवय, आणि तुम्हाला खानदेशचा उन्हाळा काय सांगायचा, होळी झाली की घरात कोण निजतो? आम्हा गरिबांच्या घरापुढं ओटा नाही, अंगण नाही, संध्याकाळी सडकेच्या कडेला पाणी शिंपडायचं आणि तिथंच गोधडी टाकायची. बठ्ठी आळी रस्त्यावर. घुंगरं वाजली की माणसं झोपेतच पाय आखडून घ्यायची, डोळा न उघडता, गाडी गेली की पुन्हा लांब करायची. माझी मुलगी ठगी तेव्हा सहा वर्षांची, आईवेगळी, आजीजवळ निजायची आणि झोपेत फार लोळायची. तर माय घुंगरं ऐकून झोपेतच हात लांबवायची आणि पोरीचे पाय धरून जवळ ओढायची. सकाळी तिला विचारा, तिला काही आठवायचं नाही.

होळी झाली आणि माणसं बाहेर आली. हंगाम सरत आलेला, पण शेवटच्या वेचणीच्या गाड्या चालूच होत्या. रस्त्यावर तोवर घोट्याइतका फुफाटा झालेला, त्यात धाव बुडायची, एरंडेल पाजलेलं चाक, घुंगरं नाहीत, मास्तर, मी नाक्यावर उभा राहून बघायचो, समोरून एवढी थोरली गाडी निघून जायची आणि नुसतं बैलांचं फुसफुसणं ऐकू यायचं. मलाच कसंतरी व्हायचं. आधी एक कुत्रं गेलं. केकाटलंसुद्धा नाही, सकाळी दिसलं. मग शिंप्याच्या म्हाताऱ्याच्या खाटेचा एक पाय मोडला, म्हातारा खाली पडला आणि भूत म्हणून ओरडत सुटला, लोक हसले. मला हसू आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडं गेलो, सांगणार होतो. तर त्यांनीच विचारलं, काय रे सुपडू, खाटेचं ऐकलं, गाडीवान पुढं चालतात ना कंदील घेऊन? सून मागं उभी होती, लेकरू कडेवर. मी म्हटलं, चालतात साहेब.

एवढंच बोललो. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, गाडीवानांना दंड झाला असता, म्हणून हो म्हटलं. तो एक शब्द मला आजपर्यंत पुरला आहे.

त्याच आठवड्यात, अंधारी रात्र, म्युनिसिपालटीचा दिवा तेल संपून विझलेला. गाड्या आल्या. पुढून तिसरी गाडी आमच्या उखाभाऊची. बैल मला ओळखायचे, माझ्या हाताला तोंड लावलं. भाऊ वर निजलेला, तोंड उघडं, पागोटं सुटलेलं, तीन दिवसांचा थकलेला. मनात आलं, याला तरी उतरवावं. पुढं आमचंच घर आहे, पोर बाहेर निजली आहे, असंही मनात आलं हो, आलं होतं. पण भावाची झोप मोडवेना. घुंगरं उतरवली, दोन्ही चाकांना वंगण घातलं, दुसऱ्याला घातलं नसेल इतकं घातलं, आणि बैलाच्या पाठीवर थाप दिली.

चाक ठगीच्या उजव्या पायावरून गेलं. गुडघ्याखाली. पोरीच्या किंकाळीनं आळी उठली, पण मागच्या गाड्या थांबेपर्यंत उखाभाऊची गाडी अंधारात पुढं गेली होती. त्याला धक्का कळला होता. मागाहून मला म्हणाला, माले वाटनं दगड व्हता. दगड वाटला आणि तो कुशीवर वळला. पलीकडच्या नाक्यावर तिथल्या सिपायानं त्याच्या बैलांना घुंगरं बांधली, पहाटे तो जिनच्या फाटकावर पहिल्या तिघांत उभा राहिला, चहा प्याला, आणि तिथं त्याला माणूस बोलवायला गेला.

धुळ्याच्या दवाखान्यात पाय कापला. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार. ठगी शुद्धीवर आली आणि आजीला म्हणाली, आजी, मना पाय खाजस वं. कोणता गं, तर जो नव्हता तो. माय तिथं गोधडीवरून हात फिरवत राहिली, खाजवल्यासारखं करत राहिली. पुढं ती माय फार दिवस जगली नाही. उखाभाऊनं पुन्हा कासरा हातात धरला नाही, बैल विकले आणि रावेरकडं केळीच्या बागेत मजुरीला गेला. मी त्याला सांगितलं, भाऊ, चूक मनी शे, तुनी नही. तो म्हणाला, तू जागा व्हता, मी निजेल व्हतू, एवढाच फरक. पुन्हा या घरात आला नाही.

वकीलसाहेब घरी आले. मी पाय धरले आणि खरं सांगितलं, साहेब, कुणीच चालत नव्हतं. त्यांनी मला उठवलं. मग म्हणाले, हे आता कुणाला सांगू नकोस, तूही बुडशील आणि मीही. हुकूम गुपचूप मागं घेतला, त्यांची सून कित्येक महिने ठगीला दूध पाठवायची, आणि पावसाळ्याच्या तोंडाला मला कायम केल्याचा कागद आला. मी तो घेतला. शरम वाटत होती, तरी घेतला, लंगडी पोर पोसायची होती. त्या नोकरीवर म्हातारा झालो.

आता ही लढाई संपली, लष्करातल्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, ज्यानं त्यानं घेतल्या, रात्रभर केळी आणि सरकी घेऊन पेठेतून धावतात. भोंगा असा की निजलेलं माणूस उठून बसतं. त्रास आहे, मला नाही का? आहेच. पण गेल्या महिन्यात पेठेतली चार मोठी माणसं ड्रायव्हरांना भेटली, समजावून सांगितलं, आणि काही पोरांनी खरंच भोंगा सोडला. हळू जायचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही. उतारावर तेल वाचवायला इंजिन बंद करतात आणि दिवा मिणमिणता ठेवून सोडून देतात गाडी. चैत लागला आहे, आळीतल्या गोधड्या बाहेर पडल्या आहेत. परवा एक लॉरी माझ्या हातभरावरून गेली आणि गेल्यावर मला कळलं. म्हणून मी रात्री वळणावर बसतो. उतारावर दिवा दिसला की ओरडतो, पाय घ्या, पाय घ्या! लोक शिव्या घालतात, म्हणतात म्हातारं चळलं. ठगी आत कोंडून निजते, दार लावून, अशा उकाड्यात. मी म्हणतो बाहेर ये बेटा, वारा सुटला आहे. ती म्हणते, नको बाबा, माले आठेच बरं शे. दिवसभर गोधड्या शिवते आणि रात्री आत घामानं भिजते.

तुमच्या घरी तान्हं आहे ते मी ऐकलं, सहा महिन्यांचं, आणि भोंग्यानं ते रात्र रात्र रडतं, वहिनींची तब्येत उतरली. म्हणून तुम्ही हा अर्ज केला. बरोबर केला, बापानं हेच करायचं असतं. अर्जातही दोन भाग आहेत मास्तर, भोंगा नको आणि हळू चला. पहिला भाग पाळतील. दुसरा बघायला रात्री कोण उभा राहणार, ते यात लिहिलेलं नाही. शाई काढा, अंगठा देतो, आणला आहे तर देतो. पण त्याच्याखाली लिहा की सुपडू नावाचा म्हातारा वळणावर बसून रात्री ओरडतो आणि हुकूम झाल्यावरही ओरडणार आहे, दंड करायचा तर पहिला त्याला करा. लिहिलं? बरं. देव तुमच्या लेकराला उदंड आयुष्य देवो, झोप लागो त्याला. आज मात्र कितीही उकडलं तरी त्याला आत निजवा.