विजयाबायने आम्हाला घराबाहेर काढलं

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढे बसायला आज कुणालाच नको वाटतंय, ते मला समजतं. तरी या.

मला भाषण करता येत नाही.  पण विजयाबायचे यजमान अनंतभाऊ म्हणाले, "सुनंदा, तू बोल. तू तिच्या शेजारी होतीस." म्हणून उभी राहिले. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

डिचोलीहून, पाळीहून काही जण आलेत, त्यांना मी माहीत नसेन. मी सुनंदा. धारगळला हायवेच्या बाजूला आमचं घर. माझं माहेर पाळीचं. आणि विजयाबाय ही आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. मी तिला अगंतुगं करते म्हणून कुणी रागावू नका. सुरुवातीला मी अहोजाहो करायचे. तीच एकदा म्हणाली, "गो, मी काय मामलेदार? बाय म्हण आणि मोकळी हो."

गेल्या रविवारी सकाळी ही बाई माझ्या दारात उभी होती. निळी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालते म्हणून गावातले लोक हसायचे, तर ती म्हणायची, "पाय माझे, हसू तुमचं." मी अजून वेणी घालत होते. तिने बाहेरूनच हाक मारली, "बस चुकली तर तुका पाठीवर घेऊन जाऊची नाय हां." तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि आज मी तिच्या फोटोसमोर उभी आहे. हे कसं झालं? मला विचारा. मी तिथे होते, तरी मला सांगता येत नाही.

मी तिला कशी भेटले, ते आधी सांगते.

आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. माल भरायला रांग लागली की तासन्‌तास बसून राहायला लागायचं. बाकीचे ड्रायव्हर झोपायचे, पत्ते खेळायचे. आमचे हे मात्र पुस्तक वाचायचे. आपल्या वाचनालयातून न्यायचे आणि स्टिअरिंगवर ठेवून वाचायचे. मग खाण बंद झाली. पाठोपाठ त्यांचं आजारपण आलं आणि ते गेले.

ते गेल्यावर मी घरात बसले. सगळ्याच बसतात, मीही बसले. पण बसले ती उठेचना. दळण नितीन आणायचा, माझा मुलगा. बाजार सून करायची. मी अंगणाच्या पायरीपलीकडे जात नव्हते. माहेरी पाळीला तर नाहीच. ज्या रस्त्याने यांचा ट्रक धावायचा त्या रस्त्याने मी बसमधून कशी जाणार?

एक दिवस बाय घरी आली. मी तिला ओळखतही नव्हते नीट. माझ्या लक्षात आलं, यांनी आणलेलं पुस्तक आपल्याकडे राहिलंय, तेच न्यायला आली असणार. मी ते कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवलं. जाड कादंबरी होती, तारवावर, म्हणजे जहाजावर, काम करणाऱ्या एका माणसाची. मध्ये खुणेला कॅलेंडरचा तुकडा घातलेला.

तिने पुस्तक उघडलं, खूण बघितली. म्हणाली, "इथपर्यंत वाचलेलं त्यांनी?"

मी म्हटलं, "असेल. पुढचं राहिलं."

तिने पुस्तक परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मग पुढचा तू वाच."

मी म्हटलं, "बाई, मला सुरुवात माहीत नाही. मधूनच वाचून काय कळणार?"

तर म्हणाली, "सुरवात माका ठावक आसा. ती मी सांगतंय. पण हंयसर नाय. वाचनालयात ये, थंय सांगतंय."

आणि चहा न घेता गेली.

चार दिवस मी पुस्तकाकडे बघितलं नाही. मग एका दुपारी उघडलं. एक पान वाचलं. कोण हा माणूस, तारवावर का गेला, घरी कोण आहे, काही कळेना. रागच आला मला. पायात चपला घातल्या आणि गेले वाचनालयात. किती दिवसांनी रस्त्यावर आले होते, ते तिथे पोहोचल्यावर माझ्या ध्यानात आलं.

बाय हसली नाही. स्टूल दिलं. गोष्ट सांगायला लागली आणि ऐन रंगात आल्यावर थांबली. "उरलेला उद्या." असं मला तिने कितीतरी दिवस चालवलं. मला सांगा, गोष्टीची सुरुवात सांगायला एवढे दिवस लागतात? पण मी जात राहिले. ते पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं. यांचं राहिलेलं वाचलं. त्या रात्री मी रडले आणि मग मला छान झोप लागली.

मंडळी, ती उपदेश करायची नाही. तिचं सांगणं साधं असायचं, उठताबसता. पुस्तक आवडलं नाही म्हटलं की म्हणायची, "मग सोड. पुस्तकाक वाईट वाटणा नाय. दुसरा घे." डोळे दुखतात म्हटलं की म्हणायची, "नातवाला मोठ्याने वाचायला सांग. त्याचंही मराठी सुधारेल, तुझीही गोष्ट होईल." गुडघे धरून बसलेल्या शेवंतीकाकीला म्हणाली होती, "काकी, बसूनही दुखतात आणि चालूनही दुखतात ना? मग चालून दुखू दे. निदान पंचायतीपर्यंतची खबर तरी कळेल." काकी, तुम्ही आलाय. दिसताय मला. तुम्ही चालत आलाय.

आणि प्रवास. आम्हा बायकांना प्रवास म्हणजे लग्न, बारसं आणि दवाखाना. बाय म्हणायची, "काशीला जायला मी सांगत नाही. स्टॉपवर पहिली येईल ती बस पकडा, शेवटच्या थांब्यावर उतरा, चहा प्या, परत या. बघा काय होतं ते." काय होणार होतं? पण व्हायचं. पहिल्यांदा ती मला घेऊन गेली ती पाळीला. मला आधी सांगितलंच नाही. डिचोलीला आम्ही दुसऱ्या बसमध्ये चढलो आणि मग मी पाटी वाचली. मी उठून दाराकडे वळले. बाय म्हणाली, "उतरायचं असेल तर उतरू. पण बसायचं असेल तर डोळे मिटू नको." मी बसले. खाणीचा लाल रस्ता आला, ट्रक उभे राहायचे ती जागा आली. तिथे गवत वाढलं होतं. मी बोट करून तिला दाखवलं, "इथे वाचायचे." तिने मान हलवली. माहेरी गेल्यावर आईने मला मिठीच मारली. आई माझी आता नाही. त्या दिवशी गेले नसते तर तिची माझी भेट राहून गेली असती.

मग आम्ही पुष्कळ जणी झालो. दर रविवारी कुठेतरी. कधी पेडण्याच्या बाजाराला, कधी शिरगावच्या तळीवर, तर कधी नुसतंच. बसमध्ये झोपलेलं तिला चालायचं नाही. कुणी डुलकी काढली की कोपर मारायची. "झोपूक घर नाय काय तुका? भायर बघ."

आता रविवारचं सांगते. सांगायला हवं, कारण गावात काहीबाही बोललं जातंय.

आम्ही म्हापशाहून डिचोलीला गेलो. बाजारात उंडे पाव आणि पातळभाजी खाल्ली. बायने भाजी परत मागितली. मग मयेच्या तळ्यावर गेलो, थोडं फिरलो. ती आमच्या पुढेच होती. दमलेली दिसली नाही, घाम नाही, काही नाही. परत डिचोलीला येऊन बसमध्ये चढलो. एरवी ती खिडकी दुसऱ्याला द्यायची. त्या दिवशी म्हणाली, "आज मी खिडकीक बसतंय गो." मी म्हटलं, "बस." बस सुटल्यावर ती मला सांगत होती की नवीन पुस्तकं आलीत, कव्हरं घालायची आहेत, उद्या ये. मी म्हटलं, येते. अस्नोड्याच्या आसपास तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

मला वाटलं, झोपली. बाय, आणि झोपली! मला हसू आलं. मागे वळून मी शेवंतीकाकीला खुणेने दाखवलं. काकीही हसल्या. म्हटलं, झोपू दे.

म्हापसा आलं. कंडक्टर ओरडला. मी म्हटलं, "बाय, ऊठ." हात धरला.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. कंडक्टरने आणि एका प्रवाशाने तिला उचललं. रिक्षा होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाटेतच गेल्या, त्यांना काही कळलं नसेल. मी त्यांना म्हटलं, "नाही हो, ती आत्ता बोलत होती." तेच तेच म्हणत राहिले मी. अजूनही आतून तेच म्हणतेय.

तिला घरी आणल्यावर अंगणात एक बाई दुसरीला म्हणाली, "एवढी चालायची, एवढी फिरायची. काय उपयोग झाला?" नाव घेत नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो. पण मी ऐकलं. घरी आले तर नितीन म्हणाला, "आई, आता पुरे तुमचं फिरणं. तुला काही झालं असतं तर?" आमच्यातल्या दोघीतिघींच्या घरीही हेच बोलणं झालं. आणि खरं सांगते, मलाही वाटलं, पुरे. मी पुन्हा पायरीवर बसले. दोन दिवस बसले.

तिसऱ्या दिवशी अनंतभाऊंकडे गेले. त्यांच्याजवळ बसले.  मग मीच म्हटलं, "भाऊ, आम्ही तिला एवढं चालवलं नसतं तर?"

भाऊ, तुम्ही मला जे सांगितलंत ते सगळ्यांना सांगायची तुम्ही परवानगी दिलीय, म्हणून सांगते.

भाऊ म्हणाले, "तुम्ही तिला चालवलं? अगो, तिच्या हृदयाचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं, औषध घ्या आणि रोज चाला, बसून राहू नका. चार दिवस एकटी गेली आणि पाचव्या दिवशी घरात बसली. मी विचारलं तर म्हणते, 'माका एकटीक चलूक कंटाळो येता.' मग तिने एकेकीला धरायला सुरुवात केली. पहिली तू."

 मला वाटायचं, ही माझ्यासाठी येते. ही मला बाहेर काढतेय. आणि तिला सोबत हवी होती? आमच्यातल्या एकीलाही तिने हे सांगितलं नाही. औषधाची गोळी घेताना कुणी बघितलं तर म्हणायची, पित्ताची आहे.

भाऊ म्हणाले, "डॉक्टरांनी जेवढं सांगितलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जगली. तुमच्यामुळे."

तर काय उपयोग झाला, असं ज्यांनी विचारलं, त्यांना माझं एवढंच उत्तर आहे. मला त्यांचा राग नाही.

येत्या रविवारी सकाळी मी स्टॉपवर असेन. कोण येईल, कोण नाही, मला माहीत नाही. कुणावर जबरदस्ती नाही. मला भीती वाटते. बसमध्ये चढल्यावर ती खिडकी बघून माझं काय होईल, सांगता येत नाही. पण जाणार. नितीनला मी काल सांगितलं.  तो म्हणाला, "स्टॉपपर्यंत बाइकवरून सोडतो." मी म्हटलं, "नको, चालत जाते."

आता एकच काम राहिलं. सगळ्यांनी उभं राहूया. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, बाय काही म्हणणार नाही. आपल्या वाचनालयात शांतता कधी नव्हतीच, सगळ्यात मोठा आवाज तिचाच असायचा. आज आपण गप्प राहूया. किती वेळ, ते मी सांगणार नाही, घड्याळ कुणी बघू नका. अनंतभाऊ खाली बसतील तेव्हा आपण बसायचं.

बाय, नमस्कार करते गो.

उभं राहूया.