लांबीवरच्या रेषा

नाही हो, शिक्क्यावर जाऊ नका, मादाम रेफे — लंडन लिहिलंय, पण लंडनचे शिक्के आपल्याच सें-क्लोदच्या कारखान्यांत मारायचे, हे मी तुम्हाला काय सांगायचं? गिऱ्हाईक म्हणेल ते नाव. ल्योंच्या जुन्या बाजारात मिळाला हा तंबाखूचा पाईप. विकणाऱ्याला विचारलं, कोणी बनवला, तर म्हणतो इंग्रजांनी — हसा, हसा. मला राग आला. अजून आहे. मोंट्रियालला आठ वर्षं हेच तर शिकले, वस्तूमागचा माणूस कसा शोधायचा, आणि आपल्या गावच्या पाईपवर एका कामगाराचं नाव नाही. म्हणून तर परत आले. संग्रहालयात याच्याखाली नाव लावायचंय मला. कंपनीचं नाही, माणसाचं.

हो, कुठल्या माणसाचं, हेच विचारणार तुम्ही. झुडपाच्या मुळाची गाठ कापणारा वेगळा, वाटी पोखरणारा वेगळा, नळी बसवणारा वेगळा — तीस हात, ठाऊक आहे. मला तीस नकोत, एकच हवा. हे भिंग धरा. इथे, वाटीच्या कडेला — दिसली लांबी? तिनंच लाकडातली भोकं भरलीत. अकरा आहेत. हे तुमच्याच टेबलावरचं काम ना? तुम्ही, त्या दोघी बहिणी, आणि — आणि आई.

बरं, सरळच सांगते. आईचं असेल असं वाटतंय मला. गेल्या हिवाळ्यात ती गेली, आता विचारायचं कोणाला? तिच्या हातचा एक पाईप घरात नाही. भरलेलं दिसू नये हेच जिचं काम, ती काय दाखवणार? तिकडे कोणी विचारलं तर मी सांगायचे, आई चित्रकार आहे. धडधडीत खोटं — काय? खोटं नाही?

कसल्या रेषा? थांबा, नीट सांगा. लांबी सुकली की वरून बारीक कुंचल्यानं लाकडाच्या रेषा काढायच्या — या काठापासून त्या काठापर्यंत, लाकूड अखंड वाटेल अशा? मला माहीतच नव्हतं. ती घरी काम आणायची तेव्हा मी पाठ करून बसायचे, वास सहन व्हायचा नाही. आणि लांबी सगळ्यांची एका डब्यातली, पण रेषा जिच्या तिच्या? तुमच्या सरळ — आणि ओदिलच्या, आईच्या, टोकाशी जरा वळलेल्या? बघितल्या की ओळखाल तुम्ही?

नको, खिडकीपाशी नेऊ नका. काही उपयोग नाही. नाहीत रेषा. एकही नाही. पाईप मळका होता, आणि आम्हाला शिकवलंय, आधी स्वच्छ करा, मग बघा. स्पिरिटनं पुसला मी — नीट पुसला, मन लावून, दोनदा. कापसावर तपकिरी उतरलं. मला वाटलं, कोणाकोणाचे हात लागून बसलेला मळ.

तिचंच नाव लाव, कोण विचारणार आहे, म्हणता?

मी विचारणार ना, मादाम.

नाही, कॉफी नको. उठू नका तुम्ही. दार मी ओढून घेते.