विराजरावांच्या हाताचं प्लास्टर

न्हाय न्हाय, रुसली न्हाय हो ती, भ्यालीया — तुमाला. हसू नका विराजराव, खरंच सांगती. तुमी गाडीतनं उतरला, आमच्या प्रगतीनं खिडकीतनं तुमचा हात बघितला, गळ्यात अडकवलेला, अन् आतनं कडीच लावली. मला म्हनली, कुशाआत्या, आदी ते प्लास्टर खरं हाय का बघून ये, मग मी चहा घिऊन येती. आता बघा, पोरगी बघायला काटेवाडीत पाव्हनं काय कमी येत्यात — पन कडी लावून बसलेली पोरगी तुमच्याच नशिबात. बसा निवांत. तुमचे आईवडील संभाजीबरोबर गोठ्याकडं गेल्यात, गाया दाखवल्याबिगर माझा भाऊ कुनाला सोडत न्हाय. तवर तुमी अन् मी.

कशापायी म्हंजी? त्या अमेरिकेतल्या बंडीपायी. घालायची बंडी न्हवं हो — टेड बंडी, मानसाचं नाव हाय. लई पोरी मारल्या त्यानं, कॉलेजात जानाऱ्या, तरन्याताठ्या. प्रगती बारामतीला वकिली शिकती न्हवं का, मोबाईलवर त्याचं समदं बघून बसलीया, अन् मी भाजी निवडाया बसले की मला सांगती — माझी निम्मी वकिली तशीच झालीया म्हना. तर हा गडी काय करायचा, धडक्या हाताला खोटं प्लास्टर करायचा, पुस्तकं खाली पाडायचा, अन् पोरीला म्हनायचा, ताई, तेवढी गाडीपत्तुर आनून देता का — ताई तिकडं म्हनत नसतील, ते माझं. दिसायला देखना, बोलायला गोड, तोबी वकिलीच शिकत हुता. जीव द्यायला निघालेल्या लोकांचे फोन घ्यायचा अन् त्यांची समजूत काढायचा, आता बोला. तुमीबी इंदापुरात बँकेत बसता, गिऱ्हाइकाशी गोडच बोलत असाल — व्हय का न्हाय? लाजला बघा.

पोहे घ्या की, दुसरी ताटली आनलीया, अन् प्रगती येईतवर चहाचा कपबी मीच आनलाय. मघाशी आमच्या थोरल्या बहिनीनं, इंदिराक्कानं, तुमच्या मांडीवर सांडलं ते मनावर घेऊ नका. तुमी लगेच 'असू द्या मावशी' म्हनला, मला बरं वाटलं. तिला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय, पन हात पक्का हाय तिचा, कधी काय सांडत न्हाय. आजच कसं सांडलं कुनाला ठावं.

तर पडला कुठं तुमी? सोमेश्वरनगरच्या रस्त्याला. उसाच्या ट्रॉलीनं दाबलं, अन् गाडी घसरली. अरं देवा. मग गुडघं फुटलं असतील, कोपर सोललं असंल — न्हाय? कुठंच न्हाय? गाडीवरनं पडला अन् नुसती करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट मोडलं, गडी नशीबवान हाय. गंमत करती हो, रागावू नका. पन तुमची आई गोठ्याकडं जायच्या आदी माझ्या वैनीला म्हनली, न्हाणीत पाय घसरला त्याचा. दोन्ही खरं असंल म्हना — आदी न्हाणीत पडला, मग उठून गाडीवरनं पडला. आसं झालं तर प्रगतीला काय सांगू मी, की प्लास्टर एकच हाय बाई, पडन्याच्या जागा तेवढ्या दोन हायत?

बंडीचं पुढं? पकडला की. कोर्टातल्या लायब्ररीच्या खिडकीतनं उडी मारून पळाला, परत धरला. खटला चालला तर त्याला बघायला पोरी यायच्या म्हनं. शेवटी जजसाहेबानं मरनाची शिक्षा सुनावली, अन् वर काय म्हनला — पोरा, काळजी घे सोताची, हुशार हाईस, चांगला वकील झाला असतास. मेलेल्या पोरी ऱ्हायल्या बाजूला, कळवळा कुनाचा आला बघा. प्रगतीनं हे सांगितलं तवा मला हसू आलं, पन अक्का लसूण सोलत बसली हुती ती उठूनच गेली. मला वाटलं ऐकू येईना म्हनून कट्टाळली. तसं न्हवतं. तिचा मालक — हे तुमाला सांगायचं न्हवतं, पन आता तोंडातनं निघालंच — नरसिंहपूरकडचा, लई गोड बोलायचा, येता-जाता म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. एकदा दोघं हितं आली, तर त्याच्या हाताला असंच प्लास्टर. भित्तीवर आपटला म्हनला. आमच्या आईनं जावयाला सोताच्या हातानं घास भरवलं, तिला त्याचे हाल बघवंनात. अन् अक्का डाव्या गालावरचा पदर सोडत न्हवती, तिकडं आमच्यातल्या कुनीबी बघितलं न्हाय. कान तवाच गेला तिचा. मला वाईट वाटतंय त्याचं, अजून वाटतंय. पन डोळं धड हायत तिचं. मघाशी पोहे देताना तिनं तुमचा हात बघितला, अन् आत येऊन मला म्हनली, कुशे, तीच दोन बोटं हायत गं.

मी म्हनलं, अगं, समदी सारखी असत्यात व्हय, पोरगा शिकलेला हाय, बँकेत हाय, थांब, मी गमतीगमतीत इचारून येती. म्हनून इचारती विराजराव. कुनाशी भांडान झालं का? भित्तीवर मारला का? तसं असंल तरी सांगा, रागात मानसाकडनं हुतं एकांद्या येळी. का घरात कुनावर — न्हाय, तुमची आई मघाशी साखर किती म्हनून इचारलं तरी आदी तुमच्या तोंडाकडं बघत हुती, म्हनून आपलं —

अहो. अहो, कप.

असू द्या. उचलू नका, काच लागंल. कपाचं काय न्हाय, कप आनखी हायत घरात. डावा हातबी जोरात चालतो की तुमचा. न्हाय, आवाज खाली. मी काय वरडले का तुमच्यावर? मी तर हसतच बोलत हुते.

प्रगते, ऐकलंस का गं? प्लास्टर खरं हाय. कडी काढू नगंस.

तुमी चपला घाला अन् गाडीत जाऊन बसा, आईवडलांना संभाजी आनून सोडंल. अन् आईला माझा निरोप सांगा — न्हाय, नगं, तुमी सांगू नका, मीच बोलंन तिच्याशी. एरवी दारातनं निघाल्या पाव्हन्याला, हाताची काळजी घ्या म्हनते मी. तुमाला न्हाय म्हनायची. जावा.