शहाण्णव दात आणि नऊ मासे

...नाही, पण मला एक सांगा, शहाण्णव दात कुणाला असतात हो? माणसाला बत्तीस, तेसुद्धा माझ्या वयाला आल्यावर देवाच्या कृपेने जेवढे उरतील तेवढे. आणि ह्या एवढ्याशा, उंडा-पावाएवढ्या प्लास्टिकच्या डबीला शहाण्णव! मी मोजले. पहिल्यांदा पंचाण्णव भरले म्हणून कारापूरहून उठून डिचोलीला दुकानात परत गेले, म्हटलं, "सगुणबाब, एक दात कमी आहे." त्याने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... म्हणाला, "वयनी, कंपनी दात मोजून देते हो." मग त्याने मोजले, मी मोजले, एक गिऱ्हाईक बल्ब घ्यायला आलं होतं त्यानेही मोजले. भरले शहाण्णव. म्हणजे चूक माझीच! पण मला काय हवं होतं? सकाळी दिवा लागावा, संध्याकाळी विझावा. एवढंच!

आता दिवा कसला, तर माशांचा. आमच्या गौरवीचे मासे. लेक नोकरीला बेंगळुरूला गेली ना, जाताना कपडे नेले, पुस्तकं नेली, माझा चांगला कुकर नेला, आणि काचेची पेटी माझ्या गळ्यात घातली. "आई, बाकी काही नको करू, फक्त माझे मासे सांभाळ." आता मासे म्हटले की आम्हाला एकच सांभाळायचं ठाऊक, तिखट-मीठ लावून! पण सांभाळले हो. खायला घातलं, पाणी बदललं. एक जाड्या नारिंगी आहे, मी जवळ गेले की काचेला तोंड लावून येतो. लेक इतकी कधी आली नाही जवळ.

पण गेल्या चवथीला, गणपतीत, घात झाला. तुम्हाला ठाऊकच आहे, चवथीला आमच्याकडे घरात कोण राहतं? जो तो आपल्या मूळघरी. आमचं मूळघर हरमलला, शेजारच्या तेजस्विनीचं पेडण्याला. पाच दिवस सगळा वाडा, घरन्घर कुलूपबंद. जाताना मी पंप चालू ठेवला, आणि बिचाऱ्यांना अंधार नको म्हणून दिवाही चालू ठेवला. परत येऊन बघते तर चौदातले पाच उताणे! पाण्याला असा वास... गौरवीला फोन केला. ती म्हणाली, "दिवा पाच दिवस रात्रंदिवस चालू ठेवलास? आई गे! त्यानेच गेले असणार." आणि मग म्हणाली, "जाऊ दे. चालेल गे आई."

चालेल! ओरडली असती तर मी चार शब्द उलट बोलले असते, मोकळी झाले असते. पण तिचं ते 'चालेल' वर्षभर माझ्या छातीत माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. म्हटलं, ह्या चवथीला नवातला एक जरी गेला ना, तर मी लेकीला फोन कुठल्या तोंडाने करू?

म्हणून टायमर. गौरवीनेच सांगितलं, "आई, टायमर घे. आठ तास दिवा चालू, मग आपोआप बंद." सोपं वाटतं ना? मलाही वाटलं! गेले सगुणच्या दुकानात, म्हटलं एक टायमर द्या. तो म्हणाला, "कुठला?" अहो, कुठला म्हणजे? मी काय टायमरांच्या घराण्यात वाढले? त्याने तीन मांडले. एक हा दातांचा. एक दात म्हणजे पंधरा मिनिटं, दात खाली दाबला की तेवढा वेळ दिवा चालू. दुसरा बटणांचा. आणि तिसरा मोबाईलवरचा.

बटणांचा बघितला. चिमुकला पडदा, खाली बटणं, आणि बटणं दाबायला काय हवं, तर सेफ्टी पिन! बोट मावतच नाही. सगुण घडाघडा सांगतो, "हा ऑटो, हा ऑन, हा ऑफ, हा मॅन्युअल. सोमवार-बुधवार-शुक्रवार वेगळा लावा, शनिवार-रविवार वेगळा लावा." मी म्हटलं, "सगुणबाब, माशांना शनिवार-रविवार सुट्टी असते काय?" म्हणाला, "आणि हे बटण बघा, हे दाबलं की दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, मनाला येईल तेव्हा विझतो. घरात माणूस आहे असं चोराला वाटतं." म्हटलं नको. मनाला येईल तेव्हा पेटणारं आणि विझणारं एक आमच्या घरी आहे, मी तीस वर्षं संसार करते आहे त्याच्याशी!

बरं, पंपाचं काय? सगुण म्हणतो, "पंपही टायमरवरच लावा, त्याला विश्रांती मिळेल." गौरवी फोनवर किंचाळते, "आई, पंप अजिबात बंद ठेवायचा नाही! तो त्यांचा श्वास आहे!" म्हणजे दिवा चालू राहिला तर मासे मरतात, पंप बंद राहिला तर मासे मरतात. अहो, मला काय हवं होतं? सकाळी दिवा लागावा, संध्याकाळी विझावा. एवढंच!

मोबाईलवरचा घे म्हणून गौरवी मागे लागली. "आई, तो घेतलास तर मी इथून बेंगळुरूहून दिवा लावीन." हे आमचे गुरुदासबाब पेपराआडून म्हणाले, "बेंगळुरूहून आमच्या घरातली बत्ती लावणार? उद्या मिक्सर लावशील, बाये! आम्ही दचकून मरू." ह्यांना विजेची भयंकर धास्ती. एका पावसाळ्यात गडगडाट झाला नि आमचा टीव्ही जळला, तेव्हापासून आभाळ भरलं की हे घरभर प्लग उपटत फिरतात. माणूस मिक्सरमध्ये वाटण वाटतंय, तर वाटण अर्धवट! चवथीला निघायच्या आधी तर ह्यांचं ठरलेलं, "अगो, फ्रीज रिकामा कर. दार उघडं ठेव." दरवर्षी! मीही करते. वास लागू नये म्हणून असेल, दुसरं काय?

मग मी विचारत सुटले. तेजस्विनीला विचारलं, तर ती म्हणते, "अगो, चवथीच्या दिवसांत घरात नुस्तें, मासळी ठेवून जातेस?" म्हटलं, "ती पाळलेली गो!" तर म्हणते, "पाळलेल्यांना काय काटे नसतात?" आता ह्यात टायमरचं उत्तर कुठे आहे, तुम्हीच सांगा!

शेवटी काय केलं ठाऊक आहे? हसू नका हं. देवीला कौल लावला. आमच्याकडे अडलं-नडलं की देवीच्या अंगाला पाकळ्या लावतात आणि मनातलं विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. भटजींनी विचारलं, "काय गाऱ्हाणं घालू? लेकीचं लग्न?" म्हटलं, "टायमर." भटजींनी हातातली पाकळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "बाये, लोक जमिनीचं विचारतात, दुखण्याचं विचारतात..." म्हटलं, "नऊ जीवांचं आहे, भटजी. उजवी पडली तर दातांचा, डावी पडली तर बटणांचा." सज्जन माणूस. देवीपुढे हात जोडून म्हणाले, "बाय माझे आवशी, हिचा काय तो गोंधळ मिटव." आणि उजवी पडली! मी घंटा वाजवली, नमस्कार केला, आणि तशीच डिचोलीच्या बसमध्ये चढले.

तर दातांचा आला. चवथीच्या आधी चार दिवस मी बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत बसून त्याचीच उजळणी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे बत्तीस दात खाली. बघा, बत्तीस! तेव्हा कुठे मला तो जरा माणसातला वाटला. मी एकेक दाबतेय आणि पुटपुटतेय, तेवढ्यात हौसा आली. हौसा म्हणजे तेजस्विनीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते ती, कोल्हापूरकडची. नवरा अशोक बांधकामावर गवंडी आहे. ही कधीमधी नारळ सोलायला येते आमच्याकडे. तिने विचारलं, "बाई, काय मोजताय?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं गं." असं म्हटलं मी. म्हटलं खरं.

निघायचा दिवस. दिवा टायमरवर, पंप सरळ भिंतीच्या प्लगवर, त्यावर मी कागद चिकटवला, 'हात लावू नये'. माशांना म्हटलं, "येते हं." जाड्याने काचेला तोंड लावलं. गाडीत गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायचं सामान, माझ्या मांडीवर नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घड, पायांशी तवशी, ह्या मोठ्या काकड्या. मी कुलूप घातलं. एवढ्यात हे, "थांब, थांब," करून परत बाल्कांवात गेले. म्हटलं कुलूप ओढून बघत असतील. आले, गाडी सुरू केली. अख्ख्या वर्षात पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं हो! मोपा विमानतळाच्या बाजूला एक विमान अगदी डोक्यावरून गेलं, मी त्यालासुद्धा हात केला.

आणि मी सहज म्हटलं, "अहो, आता दहा वाजले. दिवा लागला असेल." तर हे समोर बघत, शांतपणे म्हणतात, "कसला दिवा? मेन स्विच बंद करून आलोय मी."

काय?

"मेन स्विच गो. दरवर्षी करतो. घर बंद असताना करंट कशाला चालू ठेवायचा? फ्रीज मग उगाच रिकामा करायला सांगतो काय?"

माझ्या मांडीवरची नारळाची पेंड खाली. म्हटलं, "दरवर्षी? गेल्या वर्षीसुद्धा?" म्हणाले, "गेल्या वर्षीसुद्धा." "आणि परत आल्यावर?" "आल्याबरोबर पहिला मेन स्विच चालू करतो. मग कुलूप. अंधारात कोण शिरतं घरात?"

बघा! म्हणजे दिव्याने नव्हे हो! पाच दिवस पंपच बंद! श्वासच बंद! आणि मी वर्षभर स्वतःला खुनी समजतेय, शहाण्णव दात मोजतेय, देवीला त्रास देतेय... अहो, देवीची काही चूक नाही. मी तिला टायमरचं विचारलं, तिने टायमरचं सांगितलं. घरच्या माणसाबद्दल विचारायला हवं होतं, ते मी विचारलंच नाही!

माझा चेहरा बघून ह्यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, "परत फिरू?" पण रस्त्याला गाड्यांची ही रांग, तिकडे माटोळी आमच्यासाठी खोळंबलेली... फोन कुणाला करू? तेजस्विनी पेडण्याला, पलीकडचे वाळपईला. सगळा वाडा मी डोळ्यांपुढून नेला, एकेक घर, एकेक कुलूप. आणि मग आठवलं. कुलूप नसलेली एक खोली होती. शहाण्णव दात मी दोनदा मोजले, पण वाड्यातली माणसं मोजताना हौसाला एकदासुद्धा मोजलं नव्हतं.

नारळ सोलायला बोलवायला म्हणून नंबर होता. म्हटलं, "हौसा, गावी नाही गेलीस?" म्हणाली, "न्हाई बाई, ह्यांचं स्लॅबचं काम हाय. हितंच हाय की मी." सांगितलं, बाल्कांवात मीटरची पेटी, त्यात मोठा खटका. तिची चप्पल ऐकू आली, पेटी करकरली, खट्ट! "केला वर. बाई, आत बुडबुड आवाज येतोय बघा. मोजत हुता ते हेच काय?"

मी फोन मांडीवर ठेवला. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "श्वास आला."

पुढचे पाच दिवस वीज रोज गेली. गडगडाट झाला की तो खटका आपोआप खाली पडायचा, हौसा वर करायची आणि मला फोन, "बाई, बुडबुड चालू हाय." मी मोदकाच्या पिठाने भरलेल्या हाताने फोन कानाला लावायची. एकदा म्हणालीसुद्धा, "बाई, आधी बोलला असता तर किल्ली घेतली असती. रोज सकाळी दिवा लावला असता, सांजंला इझवला असता. त्यात काय!"

त्यात काय! अहो, मला तरी दुसरं काय हवं होतं? सकाळी दिवा लागावा, संध्याकाळी विझावा. एवढंच!

परत आलो. नऊ. नऊच्या नऊ! जाड्या काचेपाशी आला. आणि टायमर? प्रत्येक वेळी वीज गेली की त्याचं चाकही थांबायचं, हे सगुणने मला सांगितलंच नव्हतं. आम्ही भर दुपारी घरात शिरलो, तर त्याच्या मते अजून पहाटेचे सहा. सात तास मागे! दिवा बंद करून बसलेला, शहाण्णव दात विचकून. मी हौसाला नेवऱ्या, आमच्याकडच्या करंज्या दिल्या, खुर्चीत बसवून चहा दिला, आणि म्हटलं, "त्या दिवशी 'तुला नाही कळायचं' म्हटलं, ते मनात ठेवू नकोस गं." ती म्हणाली, "कधी म्हटलं?"

संध्याकाळी गौरवीचा फोन. मासे बघून नाचायची बाकी राहिली! "आई, एकसुद्धा गेला नाही! माझ्या मैत्रिणीलाही हवाय. कुठला घेतलास शेवटी? दातांचा की बटणांचा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर वर केला.

म्हटलं, "बाये, आहे तो कोल्हापूरकडचा. चांगला आहे, करंट गेला तरी थांबत नाही. पण दुकानात मिळत नाही गो... आधी शेजारी जाऊन विचारावं लागतं."