वीस हजार म्हणालो होतो मी!

नाही, पण मला सांगा, आकडा माझा नव्हता, तर मग गोदामात मीच का? अकरा वर्षं झाली हो, अकरा! कुठला व्हिडिओ गेम किती खपेल ते आधी सांगायचं, तेवढ्या डब्या कंपनीने मागवायच्या, आणि खपल्या की साहेबांनी म्हणायचं, "बघा, मी म्हणत होतो!" हे माझं काम.

तर तुम्हाला सांगतो, एकाच शुक्रवारी दोन गेम येणार होते. दोन्हीत नुसता धाडधाड गोळीबार! एकात सैनिक चिखलात लोळतात, तो आमच्याकडे. दुसऱ्यात अवकाशात तरंगत गोळ्या झाडतात, तो समोरच्या कंपनीकडे. आता मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, कंट्रोलर हातात घेतला की मी पहिल्याच मिनिटाला मरतो, तोही आपल्याच माणसाच्या गोळीने! पण मी काय करतो, दुकानात जाऊन उभा राहतो. तिथे नमुन्याच्या रिकाम्या डब्या ठेवलेल्या असतात, त्या गिऱ्हाईक कसं उचलतं ते बघतो. चिखलवाली उचलायचे, उलटी करायचे, "मागच्या वर्षीचाच आहे की हा! चिखल तेवढा नवीन!" आणि ठेवून द्यायचे. अवकाशवाली मात्र हातातून सोडेनात, रिकामी आहे म्हणून सांगितलं तरी! सहा दिवस उभा राहिलो, पोटऱ्या सुजल्या, आणि लिहिलं: चिखल, वीस हजार.

कागद वर गेला. सुपरवायझर म्हणतात, "वीस? वर काय तोंड दाखवू? तीस करा." आणखी वर गेला. मॅनेजरबाई म्हणतात, "तीस म्हणजे आपलाच आपल्या गेमवर विश्वास नाही असं दिसतं... पंचेचाळीस!" मोठ्या साहेबांनी तर कागद बघितलाच नाही. "समोरचे किती मागवतायत? पन्नास? मग आपण साठ!" साठ! आणि तो साठ टाइप होऊन खाली आला कुणाच्या सहीला? माझ्या! कारण अंदाज विभाग म्हणजे मी आणि एक पंखा. आकडा माझा नव्हता हो!

मग सही का केली, असंच ना? साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "खिडकीजवळची केबिन रिकामी होतेय बरं का..." अकरा वर्षं झेरॉक्स मशीनला पाठ लावून बसलोय मी, पाठ शेकून निघालीय! केली सही. खोटं कशाला बोलू?

खपल्या किती, माहितीय? एकोणीस हजार आठशे! आयुष्यात इतका नेमका अंदाज आला नव्हता माझा, आणि पेढे... पेढे कसले, मीटिंग! साहेब सहीवर बोट ठेवून विचारतात, "ही कुणाची?" सुपरवायझर छताकडे बघतायत, मॅनेजरबाई फोनमध्ये. मी वीसचा कागद काढला, तर म्हणे, "हा कच्चा आहे."

घरी बायकोला सांगितलं, आकडा माझा नव्हता गं! ती म्हणाली, "सही तर तुमचीच होती ना?" असा राग आला म्हणून सांगू तिचा! खरं बोलली म्हणून जास्तच आला.

आता गोदामात चाळीस हजार दोनशे डब्या आणि मी. खिडकी? एकही नाही. गेल्या सोमवारी वरून फर्मान आलं, हा माल कधी खपेल त्याचा अंदाज द्या. मी लिहिलं, "कधीच नाही." आता कशाला भ्यायचं, गोदामाच्या खाली कुठे टाकणार मला? कागद वर गेला... आणि काल खाली आला. स्वच्छ टाइप केलेला. "तीन महिन्यांत संपूर्ण." खाली रेघ, रेघेखाली माझं नाव. शिपाई समोर उभा, "साहेब थांबलेत."

काय करणार? म्हटलं, पेन दे.