स्पेनमधला माझा मोगरा

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. स्पेनमधल्या आमच्या सुट्टीच्या घरी दर उन्हाळ्यात माझा मोगरा वाळायचा. ठिबकचा टायमर मी स्वतः लावून यायचे. तरी न्युरेम्बर्गहून पुढच्या वेळी आलो, की वाळलेलं रोप बघून हे म्हणायचे, "तुला लावताच येत नाही." लेकही जर्मनमधून री ओढायची, "गेनाऊ! अगदी बरोबर!"

यंदा तिसरा मोगरा लावला. म्हटलं, हा जगवणारच. निघताना टायमर पुन्हा बघायला गाडीतून उतरले, तर जिन्याखाली हे वाकून घराचा मुख्य नळ बंद करत होते.

"अहो, हे काय?"

"घर सोडताना पाणी बंद करायचं. जर्मनीत सगळेच करतात."

"म्हणजे दरवेळी करता?"

"हो, न चुकता!"

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली मी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "दिलीप!"