कपाटातलं यूपीएस

मी वालूरचा. बाप विहिरीवरच्या मोटरी भरायचा, त्याच्या हाताखाली तांब्याची तार गुंडाळता गुंडाळताच मला मिशा फुटल्या, आन काय सांगू तुमाला, पंचक्रोशीत अशी मोटर न्हवती जी माझा आवाज ऐकून फिरायला लागली न्हाई. पुढं कम्प्युटर शिकलो आन मानवतजवळच्या एका जिनिंगात लागलो. कंपनीचं मोठं हापिस परभणीला. आमचं आपलं जिनिंगाच्या आवारात पत्र्याचं शेड, आत दोन कम्प्युटर. शेतकऱ्याच्या कापसाचं वजन झालं की नोंद मी करायची, ती नेटवरून परभणीला जायची.

आता नेट म्हणजे काय, तर शेडवर एक ताटली, तिचं तोंड टावरकडं. दिवाळीनंतर तिच्यापुढं कापसाची गंजी एवढी चढती की वर उभं राह्यलं तर हैदराबाद दिसावं, मग कुठलं नेट आन कुठलं काय. परभणीच्या हापिसात बसणाऱ्या आमच्या साहेबाला फोनवर म्हणलं, ताटली खांबावर उंच घ्या. तर म्हणला, ईमेल टाक. आता बोला. नेट न्हाई ही तक्रार नेटवरूनच धाडायची.

पर खरा जळफळाट लाईटीचा. लाईट दिवसातून धा येळा जायची, कम्प्युटर बंद, अर्धी भरलेली नोंद गायब, आन शेतकरी माझा बाप काढत परत रांगेत. लय बोंबललो तवा यूपीएस आलं, लाईट गेली तरी अर्धा तास कम्प्युटर चालवणारं. साहेबानं काय करावं? वरचं प्लास्टिकबी न काढता ते कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आन किल्ली खिशात टाकून परभणीला गेला. म्हणला, कापसाच्या उडत्या रुईनं खराब व्हईल, मोठे साहेब तपासणीला आले की लावू. आपल्याकडं पाव्हण्यासाठी नवी चादर पेटीत ठेवतेत ना, तसं. अवो, पर चादरीला चार्जिंग लागत न्हाई.

सारा हंगाम ते तसंच पडून. शेवटाला मोठे साहेब आले. कपाट उघडलं, यूपीएस लावलं, त्याला हार घातला, आन तेवढ्यात लाईट गेली. कम्प्युटर ठार काळा. पडून पडून बॅटरी मेलेली. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कुणाच्या ताब्यात हाय? आमच्या साहेबानं माझ्याकडं बोट केलं, म्हणला, ह्याच्या, ह्यानं चार्जच केलं न्हाई. मी आमच्या साहेबापुढं जाऊन उभा राह्यलो. म्हणलं, साहेब, खिशातली किल्ली काढा. तो खिसे चाचपायलाय तवर मोठे साहेब गाडीत बसून गेलेबी.

आठ दिवसांनी नोटीस आली. निष्काळजीपणा कबूल म्हणून सही कर, न्हाईतर घरी बस. बायको म्हणती, करून टाका, पोरीचं कॉलेज हाय. बरोबर हाय तिचं. पर ज्या वस्तूला मी बोट लावलं न्हाई तिच्या मरणाची सही मी कामून करू?

जवाब कागदावर लिवलाय, उद्या एसटीनं परभणीला जाऊन हातात देणार. ठेवलं तर ठेवलं, न्हाई ठेवलं तर मोटरी भरायला हात शाबूत हायेत. ज्यानं नोटीस लिवली त्याचंबी देव भलं करो, आन नोटीस लिवताना त्याची लाईट कधीच जाऊ नये.